लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली फाईल खातं कसं रिकामं करते

व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्या नंबरवरून एक फाईल येते. तिचं नाव कधी 'लग्नपत्रिका' असतं, कधी 'आरटीओ चलान', कधी 'पीएम किसान यादी', तर कधी एखाद्या बँकेचं नाव आणि पुढे 'केवायसी अपडेट'. पाठवणारा भावकीतला, सोसायटीतला किंवा शाळेच्या जुन्या गटातला. आपण फाईल उघडायला जातो, दोन-तीन वेळा 'ठीक आहे', 'परवानगी द्या' असं दाबतो आणि पत्रिका काही दिसत नाही. फाईल खराब असेल म्हणून फोन बाजूला ठेवतो. रात्रीतून किंवा दुसऱ्या दिवशी खात्यातले पैसे जातात, आणि बऱ्याचदा बँकेचा मेसेज आलेलाही आपल्याला दिसत नाही.

स्मार्टफोनला धोके अनेक आहेत, पण आपल्याकडच्या साध्या माणसाचं सर्वांत जास्त नुकसान ज्या मार्गाने होतं, त्यातला हा एक मोठा मार्ग. तो नीट समजून घेतला की बाकीच्या बऱ्याच फसवणुकी आपोआप ओळखता येतात. मुख्य गोष्ट आधीच सांगते. इथे चोर बाहेरून फोन फोडून आत शिरत नाही. त्याला लागणारी प्रत्येक परवानगी तो आपल्याच बोटाने घेतो. म्हणून तो नेमकं काय मागतो आणि कशासाठी मागतो, हे माहीत असणं हाच खरा बचाव आहे.

फाईल दिसते कशी, तिथून सुरुवात करू. व्हॉट्सअ‍ॅपवर खरी पत्रिका फोटो म्हणून आली तर चित्र तिथेच दिसतं. पीडीएफ असेल तर बहुतेक वेळा पहिल्या पानाची झलक दिसते आणि खाली बारीक अक्षरात 'पीडीएफ' लिहिलेलं असतं. या घातक फाईलला झलक नसते. नुसती एक पट्टी, त्यावर नाव, आणि नावाखाली आकारमानाशेजारी 'एपीके' ही तीन अक्षरं. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर बसवायचं अख्खं अ‍ॅप. लग्नाची पत्रिका, चलानाची पावती, लाभार्थ्यांची यादी यांतली कुठलीच गोष्ट अ‍ॅपच्या रूपात येण्याचं काहीही कारण नाही. ही तीन अक्षरं ओळखायला घरातल्या प्रत्येकाला शिकवा. आजीलाही, आणि 'मला सगळं कळतं' म्हणणाऱ्या कॉलेजच्या मुलालाही.

एपीकेवर बोट ठेवलं की अँड्रॉइड लगेच अडवतं. सुरक्षेच्या कारणासाठी या ठिकाणाहून आलेली अनोळखी अ‍ॅप बसवायला परवानगी नाही, अशा अर्थाची चौकट येते आणि तिच्यात 'सेटिंग्ज' असं बटण असतं. ते दाबलं की व्हॉट्सअ‍ॅपच्या नावापुढे एक खटका दिसतो. अँड्रॉइड ८ येण्याआधी, म्हणजे २०१७ पूर्वी, असा एकच खटका सगळ्या फोनसाठी होता. एकदा चालू केला की कुठूनही आलेलं काहीही बसायचं. आता तो प्रत्येक अ‍ॅपसाठी वेगळा आहे. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपच्या नावापुढचा हा खटका चालू झाला, याचा अर्थ यापुढे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं कुठलंही अ‍ॅप बसवायची वाट आपण मोकळी केली. पुढे वाचायच्या आधी हे एक काम करून घ्या. फोनच्या सेटिंग्जमध्ये वरच्या शोधपट्टीत 'अनोळखी अ‍ॅप' किंवा इंग्रजीत 'अननोन अ‍ॅप्स' असं टाका. जी यादी येईल तिच्यात व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, क्रोम आणि फाईल मॅनेजर या सगळ्यांपुढचा खटका बंद असला पाहिजे.

चोर आपलं अ‍ॅप सरळ प्ले स्टोअरवर का ठेवत नाही, असा प्रश्न इथे पडेल. याचं उत्तर फार उपयोगाचं आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये गूगलने नियम केला की एसएमएस आणि कॉलची नोंद वाचण्याची परवानगी प्ले स्टोअरवरच्या सरसकट अ‍ॅपना मिळणार नाही. ज्याचं मुख्य कामच मेसेज किंवा फोन सांभाळणं आहे, त्याला आणि काही मोजक्या अपवादांनाच ती मिळते. चोराला तर नेमकं एसएमएसच हवं असतं, कारण ओटीपी तिथे येतो. त्यामुळे समोरच्या दारातून येणं त्याला अवघड झालं आणि तो व्हॉट्सअ‍ॅपच्या वाटेने येऊ लागला. याचा अर्थ प्ले स्टोअरवरचं सगळंच निर्मळ आहे असा नाही. झटपट कर्ज देणारी आणि नंतर फोनबुकातल्या लोकांना मेसेज करून बदनामी करणारी अ‍ॅप तिथेही सापडली आहेत. पण जे अ‍ॅप प्ले स्टोअरवर नाही आणि तरी तुमचे मेसेज वाचायला मागतं, त्याच्याकडून चांगली अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

आता अ‍ॅप बसल्यावर काय होतं ते पाहू.

पहिली मागणी एसएमएसची. 'मेसेज पाठवण्याची आणि पाहण्याची परवानगी द्यायची का?' एवढं साधं वाक्य असतं. 'हो' म्हटलं की त्या क्षणापासून येणारा प्रत्येक मेसेज इंटरनेटवरून चोराकडे जातो. काही अ‍ॅप तो टेलिग्रामवरच्या खात्यात टाकतात, काही दुसऱ्या मोबाइलवर पुढे ढकलतात. ओटीपी कुणाला सांगू नका, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलं की पाठ झालंय. पण इथे ओटीपी कुणी विचारतच नाही. तुम्ही तोंड बंद ठेवलं तरी तो गेलेला असतो, आणि म्हणून सावध माणसंही यात सापडतात.

'पाहण्या'इतकंच 'पाठवणं' घातक आहे, आणि याकडे लोकांचं लक्ष कमी असतं. यूपीआयचं अ‍ॅप नवीन फोनवर सुरू करताना तुमच्या सिमवरून बँकेच्या यंत्रणेकडे एक एसएमएस आपोआप जातो. तो नंबर खरोखर याच फोनमध्ये आहे, हे बँक त्यावरून ठरवते. चोराचं अ‍ॅप तुमच्या सिमवरून मेसेज पाठवू शकत असेल, तर या पडताळणीचा पायाच हलतो. पुढे पिन बदलायला डेबिट कार्डचे शेवटचे सहा अंक, कार्डाची मुदत आणि ओटीपी लागतो. बनावट चलानाच्या किंवा केवायसीच्या पानावर 'फक्त एक रुपया भरा' म्हणत हेच अंक का मागतात, ते आता लक्षात येईल. एक रुपयाशी त्यांना काही देणंघेणं नसतं.

दुसरी मागणी त्याहून मोठी असते, आणि तिचं नाव ऐकून कुणालाही शंका येत नाही. अ‍ॅक्सेसिबिलिटी. ज्यांना दिसत नाही किंवा बोटांनी स्क्रीन नीट वापरता येत नाही, त्यांच्यासाठी अँड्रॉइडमध्ये केलेली ही अतिशय चांगली सोय आहे. दृष्टिहीन माणसाला स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवायचं, तर त्या सेवेला स्क्रीनवरचा प्रत्येक शब्द दिसला पाहिजे आणि माणसाच्या वतीने बटणही दाबता आलं पाहिजे. हीच ताकद चोराच्या अ‍ॅपला मिळाली, की बँकेच्या अ‍ॅपमध्ये तुम्ही काय उघडता, काय लिहिता ते त्याला दिसतं. पुढची प्रत्येक 'परवानगी द्या'ची चौकट ते स्वतःच दाबून टाकतं. तुम्ही सेटिंग्जमध्ये जाऊन ते काढायला लागलात तर पान आपोआप बंद होतं. फोन हातात आहे, पण ऐकत नाही, असं लोक घाबरून सांगतात तेव्हा बहुधा हेच चाललेलं असतं.

गूगलने २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ आणताना यावर बंधन घातलं. बाहेरून आणलेल्या अ‍ॅपला अ‍ॅक्सेसिबिलिटी द्यायला गेलं तर तो खटका फिका दिसतो, दाबला जात नाही. चोरांनी त्यातूनही पळवाट काढली. आधी बसणारं अ‍ॅप जवळपास रिकामं असतं. ते फक्त 'अपडेट करा' असं एक बटण दाखवतं आणि मग स्वतःच्या पोटातून दुसरं, खरं काम करणारं अ‍ॅप अशा पद्धतीने बसवतं की अँड्रॉइडला ते एखाद्या अ‍ॅप स्टोअरमधून आल्यासारखं वाटावं. त्यामुळे अ‍ॅप बसवल्याबरोबर लगेच 'अपडेट' मागितलं गेलं, तर तिथेच थांबा. प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक अ‍ॅप तपासणारी सोय, चालू आहे ना, तेही पाहा. चोराने 'आधी प्ले प्रोटेक्ट बंद करा' असं सांगणारा व्हिडिओ पाठवला, तर त्याच्या हेतूविषयी आणखी पुरावा नको.

काही अ‍ॅप कॉलवरही ताबा मिळवतात. ओटीपी फोन करूनही सांगितला जातो, त्यामुळे तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवले की तोही मिळाला. हेच काम अ‍ॅपशिवायही होतं. कुरिअरचा माणूस म्हणून फोन येतो आणि 'पार्सल अडकलंय, एवढा कोड डायल करा' असं सांगतो. तो कोड कॉल वळवण्याचा असतो. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून स्टार ४०१ हॅश या प्रकारची कॉल वळवण्याची सोय बंद ठेवायला कंपन्यांना सांगितलं, ते अशाच फसवणुकींमुळे. तुमचे कॉल वळवलेले आहेत का हे पाहायला स्टार हॅश २१ हॅश डायल करा. सगळं वळवणं रद्द करायला हॅश हॅश ००२ हॅश.

फाईल ओळखीच्याच माणसाकडून का येते, हेही यातूनच कळतं. एसएमएस हाती आले की चोर तुमच्या नंबरवर येणारा व्हॉट्सअ‍ॅपचा सहा आकडी कोड घेतो आणि तुमचं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या फोनवर सुरू करतो. मग तुमच्या नावाने तीच फाईल तुमच्या सगळ्या गटांवर जाते. कधी गटाचं नाव आणि चित्रच बदलून तिथे बँकेचं नाव लावलं जातं. गावातल्या गटावर सरपंचांच्या नंबरवरून यादी आली तर शेतकरी ती उघडणारच. त्यात त्याचा मूर्खपणा काय? 'ओळखीच्याकडून आलंय ना' हा भरवसा आपण एरवी ज्याच्यावर जगतो तोच आहे, आणि नेमका तोच इथे वापरला जातो. शंका आली तर त्या माणसाला साधा फोन लावा. व्हॉट्सअ‍ॅपवर 'हे तूच पाठवलंस का?' असं विचारू नका, कारण तिथे उत्तर चोरच देईल.

यावर एक उपाय दोन मिनिटांत होतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'खातं' या भागात दुहेरी पडताळणी आहे, तिथे सहा आकडी पिन ठेवा. मग नुसत्या एसएमएसच्या कोडवर कुणाला तुमचं व्हॉट्सअ‍ॅप उघडता येत नाही. तुम्ही पिन ठेवलेला नसेल आणि चोराने आधी ठेवला, तर तुम्हालाच आत जायला सात दिवस थांबावं लागू शकतं.

फाईलचं नाव काळाप्रमाणे बदलत राहतं. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली, तेव्हा तिच्या नावाने बनावट पानं आली. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा त्या नावानेही. सरकारने कशाची मुदत जाहीर केली की घाई तयार होते, आणि चोराला घाईच लागते. मुदतीची कुठलीही गोष्ट असेल तर गटावर आलेला दुवा दाबू नका. संकेतस्थळाचं नाव स्वतः टाइप करा आणि शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते पाहा. बँकांसाठीही रिझर्व्ह बँकेने आता 'बँक डॉट इन' हा वेगळा शेवट ठरवून दिला आहे.

आयफोनवर एपीके चालत नाही, त्यामुळे वरचा मार्ग तिथे बंद आहे. पण बनावट पानावर कार्डाचे अंक भरणं, स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप चालू करणं, 'पैसे मिळवायला पिन टाका' या थापेला फसणं हे कुठल्याही फोनवर होऊ शकतं. यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही.

काही भीती मात्र गरजेपेक्षा मोठ्या झाल्या आहेत. स्टेशनवरच्या चार्जिंग पॉइंटला फोन लावला की सगळं चोरीला जातं, असं वारंवार सांगितलं जातं. आजचे फोन विचारल्याशिवाय केबलवरून माहिती देत नाहीत, तिथे 'फक्त चार्जिंग' निवडलं की झालं. पेगासससारखं हेरगिरीचं साधन खरं आहे. काहीही न दाबता ते फोनमध्ये शिरू शकतं, आणि भारतातल्या पत्रकार-कार्यकर्त्यांनाही त्याचं लक्ष्य केल्याचं व्हॉट्सअ‍ॅपने २०१९ मध्ये सांगितलं होतं. पण ते फार महाग आहे आणि निवडक माणसांवर वापरलं जातं. तुमच्या-माझ्या बचत खात्यासाठी कुणी ते वापरत नाही. आपली काळजी योग्य ठिकाणी खर्च व्हावी, म्हणून हे सांगते आहे.

फोन चोरीला जाणं ही मात्र खरी काळजी. लोकलच्या गर्दीत फोन गेला की स्क्रीनचं लॉक उघडलं नाही तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो, आणि ओटीपी तिकडे येऊ लागतात. यासाठी सिमला पिन लावता येतो, पण फार थोडे लोक लावतात. सेटिंग्जमध्ये 'सिम लॉक' शोधा. तीनदा चुकीचा पिन टाकला तर कंपनीकडून पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम पुन्हा उघडणारा कोड घ्यावा लागतो, म्हणून आकडा लक्षात राहील असाच ठेवा. फोन गेलाच तर दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावरून तो बंद करता येतो. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही तिथेच दिसतं.

खात्याच्या बाजूनेही थोडी तयारी हवी. यात नुकसान फक्त शिलकीपुरतं राहत नाही. नेटबँकिंग हाती आलं की मुदत ठेव मोडता येते, आणि आधीच मंजूर करून ठेवलेलं वैयक्तिक कर्ज तुमच्या नावावर उचलताही येतं. निवृत्त माणसाच्या खात्यात हे घडलं की आयुष्यभराची पुंजी एका रात्रीत जाते. म्हणून रोजच्या व्यवहाराचं खातं वेगळं आणि त्यात थोडेच पैसे, अशी सोय करा. नेटबँकिंगची आणि यूपीआयची दिवसाची मर्यादा गरजेपुरती ठेवा. कार्डावरचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार चालू-बंद करण्याची सोय देणं रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये बँकांना बंधनकारक केलं. ती वापरा आणि परदेशी व्यवहार बंद ठेवा.

आणि एवढं करूनही घडलंच तर?

पहिलं काम, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वायफायही बंद आहे ना ते पाहा. नेट तुटलं की मेसेज बाहेर जाणं थांबतं. मग दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून १९३० लावा. त्याच फोनवरून लावू नका, कारण त्या फोनवरचे कॉल तुमच्या ताब्यात असतीलच असं नाही. १९३० ही केंद्र सरकारची सायबर आर्थिक फसवणुकीची हेल्पलाइन आहे. तिच्यामागे बँका आणि पोलिसांना जोडणारी यंत्रणा आहे, म्हणून तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला ती रक्कम रोखून धरायला सांगितलं जातं. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे भराभर फिरवतात आणि शेवटी एटीएममधून काढतात. हे पैसे बाहेर पडायच्या आत धरायचे असतात, म्हणून पहिल्या तासाला एवढं महत्त्व. खात्याचा नंबर, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा. लगोलग बँकेच्या हेल्पलाइनवर सांगून नेटबँकिंग, यूपीआय आणि कार्ड बंद करून घ्या आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. नंतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर लेखी तक्रार करा.

फोन साफ करायचा तर आयकॉन शोधत बसू नका, ही अ‍ॅप स्वतःचा आयकॉन लपवतात. सेटिंग्जमधली अ‍ॅपची पूर्ण यादी पाहा. फोन सेफ मोडमध्ये चालू केला की बाहेरून बसवलेली अ‍ॅप थंड पडतात आणि काढता येतात. तरीही मनात शंका राहिली तर फोटो बाहेर काढून घ्या आणि फोन फॅक्टरी रीसेट करा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून. गटावर लगेच कळवा की माझ्या नावाने आलेली फाईल उघडू नका. हे कळवायला लाज वाटते, हे मला माहीत आहे. पण तुमच्या त्या एका मेसेजमुळे चार घरं वाचतात. आणि घरच्यांना एक मनापासून विनंती. वडिलांनी किंवा आईने 'असं झालंय' म्हणून सांगितलं तर त्या वेळी ओरडू नका. ओरडा बसेल या भीतीने लोक दोन-दोन दिवस सांगत नाहीत, आणि तोवर पैसे पार गेलेले असतात.

बँकेची जबाबदारी काय, हेही माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला काढलेल्या परिपत्रकानुसार, चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर नुकसानाचा बोजा पडत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंतच पडतो. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक हा तुमचा पुरावा आहे. 'तुम्हीच परवानगी दिलीत' असं शाखेत तोंडी सांगून परत पाठवलं, तर तेच लेखी मागा. निष्काळजीपणा कुणाचा हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकली आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी वकील लागत नाही आणि शुल्कही पडत नाही.